कलावंत गेला की आपण काय करतो? श्रद्धांजली, दुआ आणि मोबाइलचे स्टेटस : अर्थ आणि अदब

नेसरी (ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर) : मोठा कलावंत किंवा नेता गेला की बातमी पहिल्यांदा मोबाइलवर येते. टीव्हीवर ती नंतर दिसते. पाच मिनिटांत गावातल्या प्रत्येक ग्रुपवर फोटो, हात जोडलेले चिन्ह आणि "भावपूर्ण श्रद्धांजली". संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स लागतो. मग आपल्या मुस्लिम घरांत काही प्रश्न हळू आवाजात विचारले जातात. श्रद्धांजली लिहिले तर चालते का? आपला माणूस गेला तर दुआ लिहितो, दुसऱ्या धर्माचा गेला तर काय लिहायचे? मरहूम कलावंताचे गाणे स्टेटसला ठेवावे का?

प्रश्न साधे वाटतात, पण गेल्या चार-पाच वर्षांत यावरून बरेच गैरसमज झाले. काही मुद्दाम पसरवले गेले, काही आपण समजावून सांगितले नाही म्हणून झाले. म्हणून हे सगळे एकदा नीट बघू या.

शिवाजी पार्कवरची ती फुंकर

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर वयाच्या ९२ व्या वर्षी गेल्या. केंद्र सरकारने दोन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. त्याच संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. शाहरुख खान आणि त्यांच्या व्यवस्थापक पूजा ददलानी शेजारी शेजारी उभे होते. ददलानींनी हात जोडले होते, शाहरुखनी दुआसाठी हात उचलले होते. दुआ झाल्यावर त्यांनी मास्क खाली घेऊन फुंकर घातली आणि नंतर हात जोडून नमस्कारही केला.

त्या एका सेकंदाच्या चित्रफितीवरून काहींनी "थुंकला" असा गदारोळ केला. देशभरातल्या अनेकांनी, त्यात हिंदू बांधव पुढे होते, लगेच खुलासा केला की ती फुंकर होती. पण गावातला साधा माणूस गोंधळला, कारण त्याने हा प्रकार आधी कधी जवळून पाहिलेला नव्हता.

तर फुंकर म्हणजे काय? आपल्याकडे याला "दम करणे" म्हणतात. कुरआनच्या आयती किंवा दुआ पढून हलकी फुंकर घालायची. लहान मूल रडत असले की आजी आयतुल कुर्सी पढून त्याच्यावर फुंकते. परीक्षेला निघालेल्या पोराच्या डोक्यावर आई फुंकते. हजरत आयशा (र.) यांची हदीस आहे की प्रेषित मुहम्मद (स.) रात्री झोपण्याआधी कुरआनच्या शेवटच्या तीन सूरह पढून तळहातांवर फुंकत आणि ते हात अंगावरून फिरवत. म्हणजे ही प्रेमाची आणि हिफाजतीची खूण आहे. मशिदीबाहेर मगरिबनंतर पाण्याचा ग्लास किंवा तान्हे मूल घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्या आपल्या भागात आजही दिसतात आणि त्यात सगळ्या जातीधर्मांच्या असतात. त्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगावे लागते ते मोबाइलवर दोन सेकंदांचा तुकडा बघणाऱ्याला.

शब्दांचे अर्थ

आता शब्द बघू.

*श्रद्धांजली* म्हणजे श्रद्धेने वाहिलेली ओंजळ. मराठीत हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ "मी आदराने आठवण काढतो" एवढाच असतो. ज्यांना त्यातला पूजेचा भाव नको वाटतो ते *आदरांजली* किंवा *अभिवादन* लिहितात. उर्दूत यालाच *खिराज-ए-अकीदत* म्हणतात. कुठलाही लिहा, पण दुसऱ्याने कोणता लिहिला यावरून त्याचा ईमान किंवा देशप्रेम मोजत बसू नका.

*पैगंबरवासी* हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आणि फ्लेक्सवर मुस्लिम मय्यतीसाठी वापरला जातो. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी यांच्या चालीवर तो मराठीने घडवला. लिहिणाऱ्याची भावना चांगली असते, त्यामुळे राग धरायचे कारण नाही. पण आपल्या अकिद्यात माणूस पैगंबरांच्या ठिकाणी वस्तीला जातो असे नाही, तो अल्लाहकडे परततो. म्हणून आपण *इंतिकाल* झाला म्हणतो आणि गेलेल्याला *मरहूम* म्हणतो, बाई असेल तर *मरहूमा*. मरहूम म्हणजे ज्याच्यावर रहम झाला तो. हा शब्द म्हणजे एक छोटी दुआच आहे.

*इन्ना लिल्लाह* हे वाक्य सूरह बकरहच्या १५६ व्या आयतीतले आहे. आपण सगळे अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परत जाणार आहोत, असा त्याचा आशय. अनेकांना वाटते की हे फक्त मुस्लिम मय्यतीवेळी म्हणायचे. पण त्या आयतीत ते मुसीबतीच्या वेळी म्हणायचे वाक्य म्हणून आले आहे. काही हरवले, नुकसान झाले तरी म्हणतात. त्यात ऐकणाऱ्याला स्वतःच्या परतीची आठवण आहे. म्हणून नुसते टाइप करून पुढे सरकण्यासाठी ते नाही.

*दुआ-ए-मगफिरत* म्हणजे गुनाह माफ व्हावेत म्हणून केलेली दुआ. ही मुस्लिम मय्यतीसाठी केली जाते. दुसऱ्या धर्माचा माणूस गेला तर बहुतेक उलेमा सांगतात की घरच्यांना भेटा, धीर द्या, त्यांच्या सब्रसाठी बोला, गेलेल्याचे चांगले काम आठवा. याला *ताजियत* म्हणतात. मराठीत सांत्वन. एका यहुद्याचा जनाजा जात होता तेव्हा प्रेषित (स.) उठून उभे राहिले. लोकांनी सांगितले की हा तर यहुदी आहे. त्यावर तोही एक जीव नव्हता का, असे त्यांनी विचारले. ही हदीस बुखारीत आहे. शेजारच्या घरात मयत झाल्यावर आपण कसे वागावे याचे उत्तर त्यात आले.

नेसरीच्या खिंडीत काय शिकायला मिळते

मोठ्या माणसाच्या आठवणीचा विषय नेसरीच्या माणसाला नवा नाही. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्यांचे स्मारक नेसरीच्या खिंडीत आहे. परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या त्या सहा साथीदारांच्या नावांत एक नाव सिद्दी हिलाल यांचे आहे. म्हणजे समोर आदिलशाहीचा सरदार आणि इकडे स्वराज्याच्या बाजूने मरणाऱ्यांत सिद्दी हिलाल. इतिहास असा सरळ दोन रंगांत बसत नाही.

याच सात वीरांवर कुसुमाग्रजांनी कविता लिहिली. हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली आणि लतादीदींनी ती गायली. आज महाराष्ट्रात नेसरीचे नाव माहीत आहे ते निम्मे इतिहासाच्या पुस्तकामुळे आणि निम्मे त्या आवाजामुळे. लतादीदींचा कोल्हापूरशी जुना संबंध. १९४२ मध्ये वडील मास्टर दीनानाथ गेले. त्यानंतर मास्टर विनायकांनी कुटुंबाला आधार दिला. त्यांची चित्रपट कंपनी कोल्हापुरात होती. १९४५ मध्ये कंपनी मुंबईला गेली, तेव्हा लतादीदीही गेल्या.

मुंबईत त्यांना शिकवणाऱ्यांत भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खान होते. संगीतकार गुलाम हैदर यांनी त्यांचा आवाज ओळखला. दिलीपकुमार यांनी एकदा मराठी मुलीचे उर्दू उच्चार कसे काय नीट येणार अशी शंका काढली, तर लतादीदींनी रागावून न बसता शिक्षक ठेवून उर्दू शिकून घेतली. पुढे त्याच दिलीपकुमारांना त्या भाऊ मानत. शिवाजी पार्कवर कुणी दुआसाठी हात उचलले तर त्यात परके काही नव्हते. तो ह्याच आयुष्याचा शेवटचा दिवस होता.

जनाजा आणि चाहते

चाहत्यांना आवडत्या कलावंताचे शेवटचे दर्शन हवे असते. अंत्यदर्शनाला तासन् तास रांगा लागतात. आपल्याकडे मात्र शरियतचा आग्रह असतो की दफनात उशीर करू नये. गुस्ल, कफन, नमाज-ए-जनाजा, दफन. नमाजही उभ्यानेच होते, रुकू नाही, सजदा नाही, कारण सजदा फक्त अल्लाहला. बडा असो की गरीब, कफन पांढरे आणि साधे.

७ जुलै २०२१ रोजी सकाळी दिलीपकुमार, म्हणजे मुहम्मद यूसुफ खान, ९८ व्या वर्षी गेले. त्याच दिवशी संध्याकाळी जुहूच्या कब्रस्तानात दफन झाले. शासकीय इतमाम होता, पार्थिवावर तिरंगा होता आणि विधी इस्लामी पद्धतीने झाले. दोन्ही गोष्टी एकत्र बसतात, कुठे अडत नाही. कोरोनाचे निर्बंध असल्याने चाहते बाहेरच थांबले.

दिलीपकुमारांची आठवण काढताना आपल्या समाजाने एक गोष्ट विसरू नये. नव्वदच्या दशकात शब्बीर अहमद अन्सारी यांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा दिलीपकुमार त्यांच्याबरोबर सभांना उभे राहिले. बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कष्टकरी बिरादऱ्यांच्या मुलांना दाखले आणि सवलती मिळाव्यात म्हणून एवढा मोठा नट जिल्ह्याजिल्ह्यांत फिरला. सिनेमाचे संवाद सगळ्यांना पाठ असतात. ही गोष्ट मात्र किती तरुणांना ठाऊक आहे?

इरफान खान २९ एप्रिल २०२० रोजी गेले. रमजान सुरू होता, लॉकडाऊन होता. वर्सोव्याच्या कब्रस्तानात मोजक्या माणसांत दफन झाले. चार दिवस आधी जयपूरला त्यांच्या आईचा इंतिकाल झाला होता, तिथेही त्यांना जाता आले नव्हते. चाहत्यांना ना दर्शन मिळाले ना रांग. पण नंतर बातमी आली ती इगतपुरीहून. तिथल्या एका पाड्यावर इरफान यांनी रुग्णवाहिका, मुलांना पुस्तके अशी मदत केली होती. लोकांनी त्या वस्तीला "हिरोची वाडी" म्हणायला सुरुवात केली. ज्यांना मदत मिळाली होती, त्यांनीच हे नाव दिले.

कबर नसली तर आठवण कुठे ठेवायची?

मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. तेही रमजानचे दिवस होते. भर पावसात जनाज्याला मुंबईने प्रचंड गर्दी केली. जुहूच्या कब्रस्तानात त्यांची कबर होती. २०१० च्या सुमारास नव्या मय्यतींना जागा हवी म्हणून रफी, मधुबाला अशा अनेकांच्या जुन्या कबरींच्या खुणा हटवल्या गेल्या. चाहते हळहळले. आपल्यातल्याही अनेकांना वाईट वाटले.

पण यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. पक्की कबर बांधू नये, तिची शान वाढवू नये, असे हदीसमध्ये सांगितले आहे. शिवाय मोठ्या शहरांत कब्रस्तानची जागा अपुरी. वर्षे उलटली की त्याच जागी दुसरी मय्यत ठेवावी लागते. तिथे बादशहा आणि हमाल असा भेद नाही. रफींचे चाहते आजही जयंतीला आणि बरसीला तिथे जातात. जवळचे एक नारळाचे झाड हीच त्यांची खूण. २४ डिसेंबर आणि ३१ जुलै या दोन तारखांना गावोगावच्या हौशी मंडळींत रफींची गाणी होतात, त्यात गाणारे सगळ्या समाजांचे असतात. दगड गेला, माणसे येत राहिली.

कबरीवर जाणे, म्हणजे *जियारत*, याला परवानगी आहे, कारण त्याने मौतची आठवण राहते. तिथे जाऊन सेल्फी काढणे आणि थेट प्रक्षेपण करणे ही मात्र जियारत नव्हे.

मरणाच्या खोट्या बातम्या

आता सगळ्यात वाईट प्रकार. माणूस जिवंत असताना श्रद्धांजली.

कादर खान कॅनडात आजारी होते. ३० डिसेंबर २०१८ रोजी त्यांच्या निधनाची अफवा पसरली, मुलाने ती नाकारली आणि ३१ तारखेला ते खरोखर गेले. विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ते गेले, पण दोन-तीन दिवस आधीपासूनच श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. उस्ताद झाकीर हुसेन डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेले, तेव्हाही घरच्यांनी सांगण्याआधी बातमी फिरली आणि मध्येच नाकारलीही गेली. धर्मेंद्र यांच्याबाबतीत ११ नोव्हेंबर २०२५ रोजी मोठमोठ्या माध्यमांनी निधनाची बातमी दिली. मुलीने आणि हेमामालिनींनी ते जिवंत असल्याचे सांगितले. ते २४ नोव्हेंबरला गेले. मधले १३ दिवस त्या घराने काय सोसले असेल?

विचार करा, आपला बाप आयसीयूत आहे आणि गावभर त्याच्या फोटोला हार घालून फिरवतायत. सूरह हुजुरातमध्ये, म्हणजे कुरआनच्या ४९ व्या सूरहमध्ये, स्पष्ट हुकूम आहे की खबर आली तर आधी पडताळून घ्या, नाहीतर नकळत कुणाचे तरी नुकसान कराल. आणि हदीस आहे की माणूस ऐकेल ते सगळे सांगत सुटला तर खोटा ठरायला तेवढेच पुरे. म्हणून नियम साधा ठेवा. घरच्यांनी किंवा रुग्णालयाने सांगितल्याशिवाय बातमी पुढे पाठवायची नाही. आपण पहिले नसलो म्हणून काही बिघडत नाही.

स्टेटस ठेवताना

कोल्हापूर जिल्ह्यात स्टेटस हा शब्द आता हलक्यात घेता येत नाही. जून २०२३ मध्ये काही तरुणांच्या स्टेटसवरून कोल्हापूर शहरात तणाव झाला. लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले, दुकाने फुटली. ज्यांचा काही संबंध नव्हता अशा कष्टकरी घरांचे नुकसान झाले. त्यानंतर अनेक आया पोरांना सांगू लागल्या की काहीच ठेवू नको बाबा. ती भीती समजण्यासारखी आहे. पण भीतीने शेजाऱ्याच्या दुःखातही गप्प राहायला लागलो तर दुरावा आणखी वाढेल. म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात.

पहिली, गेलेल्याबद्दल वाईट बोलू नका. मेलेल्यांना शिव्या देऊ नका, ते आपल्या कर्मांपाशी पोहोचले आहेत, असा हदीसचा आशय आहे. एखादा कलावंत किंवा नेता आपल्या विरोधात बोलला असेल. त्याच्या मतांवर टीका नंतर सभ्य भाषेत करता येते. पण मरणावर हसणारे चिन्ह टाकणे हा गुनाह आहे आणि शेजाऱ्याच्या जखमेवर मीठ आहे.

दुसरी, मरहूम कलावंताची गाणी किंवा सिनेमाची दृश्ये ठेवावीत का? यावर मतभेद आहेत. अनेक उलेमांचे म्हणणे की त्यापेक्षा फातिहा पढा, त्याच्या नावाने सदका द्या. ज्याला हे पटते त्याने तसे करावे. पण दुसऱ्याने गाणे ठेवले म्हणून त्याला चारचौघांत फटकारू नये. आठवणीच्या दिवशी भांडण हे कुणाच्याच फायद्याचे नाही.

तिसरी, रडण्याला मनाई नाही. प्रेषितांचे (स.) चिरंजीव इब्राहीम गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. मनाई आहे ती कपडे फाडून आक्रोश करण्याला.

चौथी, सामूहिक शांततेत सामील व्हा. ६ मे २०२२ रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला कोल्हापूर सकाळी दहा वाजता १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले. मुस्लिम बोर्डिंग सुरू करून आपल्या मुलांना शिकवणाऱ्या राजाची आठवण काढायला कुणाला वेगळा विधी लागला नाही. उभे राहिले की झाले.

आठवण उपयोगाची करायची असेल तर

हदीसमध्ये आहे की माणूस मेला की त्याची कर्मे थांबतात, तीन सोडून. चालू राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद. यातली पहिली दोन चाहत्यांच्याही हातात आहेत.

आपल्या सीमेपलीकडचे उदाहरण घ्या. कन्नड नट पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अवघ्या ४६ व्या वर्षी गेले. त्यांचे नेत्रदान झाले आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानासाठी नाव नोंदवणाऱ्यांची रीघ लागली. अवयवदानाबद्दल उलेमांत मतभेद आहेत, तेव्हा आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण गरजूसाठी रक्त देण्याला बहुतेक उलेमा परवानगी देतात. फ्लेक्सचा खर्च वाचवून शाळेला पुस्तके देता येतात, एखाद्या मुलीची फी भरता येते. दिलीपकुमारांच्या नावाने एखाद्या बागवान किंवा पिंजारी पोराचे जातीचे दाखल्याचे काम तहसीलमध्ये जाऊन करून दिले तर त्यांची याहून चांगली आठवण कोणती?

चिक्कोडी तालुक्यातल्या खडकलाटमध्ये जन्मलेल्या आणि कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली घडलेल्या सुलोचनादीदी ४ जून २०२३ रोजी गेल्या. पडद्यावर त्या सगळ्यांच्या आई होत्या. त्या दिवशी आपल्या घरातल्या किती बायकांनी पदराने डोळे पुसले ते कुठल्या स्टेटसवर आले नाही.

शेवटी एवढेच. पुढच्या वेळी कुणी मोठा माणूस गेला आणि शेजारच्या दादांनी विचारले की तुमच्यात काय म्हणतात, तर टाळू नका. दुआ म्हणजे काय, फुंकर म्हणजे काय, जनाज्यात सजदा का नसतो, हे दोन मिनिटांत सांगा. त्यांच्याकडे तिसऱ्याला काय असते, दहाव्याला काय असते, तेही विचारून घ्या.